तीनशे चारमधली दुसरी बॅग

जूनच्या पहिल्या आठवड्यात वृषाली गोठणकर तीनशे चारमध्ये बॅगा तपासायला गेली, तेव्हा दाराशेजारच्या बाकावर दोन बॅगा ठेवलेल्या होत्या. एक विलास धनावडे यांची. दुसरीवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं होतं, सुरेखा. सुरेखाकाकूंना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

वृषालीने आधी धनावडेकाकांची बॅग उघडली आणि यादीबरहुकूम एकेक वस्तू बाहेर काढली. दोन लिटर पाणी, चणे आणि गूळ, क्षारांच्या पुड्या, टॉर्च, शिट्टी, पातळ चादर, सात दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, प्लास्टिकच्या पाकिटात घराच्या कागदांची प्रत. काका बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनी प्रत्येक वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. काट्यावर बॅग पावणेपाच किलो भरली. सत्तरीपुढच्या माणसाला पाच किलोंपर्यंत परवानगी होती.

"छान आहे, काका," ती म्हणाली आणि दुसऱ्या बॅगेकडे बघून थांबली.

"तीही तपासा," धनावडेकाका म्हणाले. "तुमच्या यादीत दोन माणसं आहेत ना?"

होती. वृषालीच्या हातातल्या टॅबवर स्पष्ट लिहिलं होतं: तीनशे चार, दोन व्यक्ती. दुसऱ्या नावापुढे त्या दिवशीचा आकडाही होता. सुरेखा विलास धनावडे, वय अडुसष्ट, सकाळपासून चारशे बारा पावलं.

"काका, काकूंचं नाव काढायचं राहिलंय का? मी आजच कळवते."

धनावडेकाकांनी मान हलवली. "राहू द्या, वृषालीताई. यंत्राला ती दिसते. मला दिसत नाही. कोणाला तरी दिसू दे."

वृषालीने दुसरी बॅग न उघडताच यादीवर बरोबरची खूण केली आणि जिना उतरली. दक्षक म्हणून तिने केलेली ही पहिली खोटी नोंद.

निसर्गदीप सोसायटीच्या चार इमारती करवंटेकडीच्या पायथ्याशी होत्या. शहरापासून चाळीस किलोमीटरवर, जिथे घर जरा मोठं मिळतं आणि खिडकीतून हिरवं दिसतं. टेकडीची एक बाजू खाणीने केव्हाच पोखरली होती. तीन वर्षांपूर्वी पलीकडचा उतार खाली आला आणि एका दुपारीत बत्तीस घरं गाडली गेली. त्यानंतर कायदाच झाला. टेकडीलगतच्या प्रत्येक घरात माणशी एक 'आपत्कालीन निर्गमन संच' हवा. लोक त्याला साधं 'निघायची बॅग' म्हणत. प्रत्येक इमारतीला एक दक्षक हवा, त्याने दर तीन महिन्यांनी बॅगा तपासायच्या. बी विंगमध्ये हे काम घ्यायला कोणी तयार नव्हतं. वृषाली एक्कावन्न वर्षांची होती, पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी नुकतीच सोडलेली होती, आणि नाही म्हणणं तिला कधी फारसं जमलं नव्हतं.

आणि त्याच वर्षी 'चाहूल' आली होती.

चाहूलसाठी नवं काही बसवावं लागलं नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. इंटरनेटची काचेची केबल रस्त्याखालून, टेकडीच्या पोटातून, जिन्याच्या भिंतीतून प्रत्येक घरात आधीच गेलेली होती. त्या काचेत केसाहूनही बारीक दोष असतात. केबलमधून प्रकाशाचा ठोका सोडला की प्रत्येक दोषावरून त्यातला कणभर उजेड मागे परततो. जमीन किंचित हलली, तर काच किंचित ताणली जाते आणि परतलेल्या उजेडाची लय बदलते. म्हणजे केबलचा प्रत्येक मीटर हा एक कानच. टेकडीतला दगड सरकला की तो चाहूलला ऐकू येई, माणसांना कळायच्या कितीतरी आधी.

पण कानाला फक्त दगडच ऐक असं सांगता येत नाही. पावलंही ऐकू येऊ लागली. प्रत्येकाची चाल वेगळी असते, सहीसारखी. टाच आधी पडते की चवडा, दोन पावलांत किती वेळ जातो, वजन कुठल्या पायावर रेंगाळतं. वर्षभरात चाहूलने सगळ्यांच्या चाली नावानिशी नोंदून घेतल्या. संकटाच्या वेळी घरात कोण अडकलंय ते कळावं, म्हणून.

दक्षकांच्या प्रशिक्षणात एका तरुण मुलीने हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं होतं. तिने सांगितलेल्या तीन गोष्टी वृषालीने वहीत उतरवून घेतल्या होत्या. घराच्या आत ऐकू आलेलं पाऊल चाहूल आधी त्या घरातल्या नोंदवलेल्या माणसांशीच जुळवून बघते, सगळ्यात जवळचं नाव देते. दाराबाहेर मात्र, अगदी जिन्यातही, ती सगळ्या शहराच्या नोंदी चाळते. दुसरी गोष्ट, माणूस झोपला की पाऊल वाजत नाही, म्हणून बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत तो घरातच आहे असं धरलं जातं. आणि तिसरी, कवायत करणारी मुलं तिला गोंधळात टाकतात. दोन पावलं अगदी एका क्षणी पडली तर तिला ती एकाच जड माणसाची वाटतात.

सुरेखाकाकूंचं कोडं वृषालीने यातूनच सोडवलं होतं. दिवाळीनंतर आजारी काकूंना चाकांच्या खुर्चीवरून लिफ्टने खाली नेलं होतं, चिपळूणजवळच्या माहेरच्या गावी. तिथेच त्या गेल्या. बाहेर पडणारं पाऊल वाजलंच नाही, म्हणून त्या आत. आणि काकांचीच निम्मी पावलं यंत्र त्यांच्या नावावर टाकत असणार. गोष्ट साधी होती.

जुलैच्या मध्यावर टॅबवर एक सूचना आली. तीनशे चार, सुरेखा धनावडे, चालीत बदल. पायांतलं अंतर वाढलं आहे. अंदाजे वजनवाढ तीन किलो.

वृषालीने ती दोनदा वाचली. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा आली: वजनवाढ सहा किलो. महिनाअखेरीस नऊ. जिना उतरायला लागणारा वेळ चार मिनिटांवरून सात मिनिटांवर नेला आहे, दक्षकाने मदतीची व्यवस्था करावी.

मेलेलं माणूस जड होत चाललं होतं.

तिने हे हेमंतला, नवऱ्याला, सांगितलं. हेमंत घरूनच नकाशे तपासायचं काम करायचा. शांत, काळजी करणारा माणूस. तो हसला. "अगं, धनावड्यांचंच पोट सुटलं असेल. एकटा माणूस, काहीबाही खात असणार."

"ते काठीसारखे झालेत."

"मग बिघाड आहे, कळव." मग सहज म्हणाला, "आज तू नाल्याच्या पुलावर सहा मिनिटं उभी होतीस. बरं वाटत नव्हतं का?"

चाहूलच्या घरगुती जोडणीवर कुटुंबातल्या माणसांची पावलं एकमेकांना दिसत. हेमंतने ती पहिल्याच दिवशी घेतली होती. ती घराच्या जिन्यात शिरली की तो चहा टाके. वृषालीला त्याचं कौतुकच वाटायचं. "पाणी बघत होते," ती म्हणाली.

बिघाड तिने कळवला नाही. कळवला तर माणूस येईल, घर तपासेल, काकूंचं नाव पुसलं जाईल, आणि जूनमधली तिची खूणही उघडी पडेल.

सप्टेंबरच्या दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता, ती पुन्हा तीनशे चारमध्ये गेली. या वेळी तिने ठरवून दुसरी बॅग पुढे ओढली.

"ती राहू दे, वृषालीताई," काका म्हणाले.

"उघडून बघायलाच हवी, काका. वरून विचारणा आली आहे."

काका बाजूला सरकले. तिने चेन उघडली. पाणी, टॉर्च, शिट्टी. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं. डब्यात डिंकाचे लाडू. पुडीत अळीव. आणि खाली, कागदात गुंडाळलेला मऊ कपड्यांचा एक गठ्ठा. तिने तो सोडला. ते लंगोट होते. हाताने शिवलेले, तान्ह्या बाळाच्या मापाचे, दोन डझन तरी असतील. कापड ओळखीचं होतं. फिकट जांभळ्यावर पांढरे ठिपके. सुरेखाकाकू हे लुगडं नेसून गणपतीच्या आरतीला यायच्या.

तेवढ्यात आतल्या खोलीत पाऊल वाजलं.

वृषाली तशीच बसून राहिली. सपाता फरशीवर घासत होत्या. डावं पाऊल नीट पडत होतं आणि उजवं किंचित मागून ओढल्यासारखं. काकूंची चाल. बारा वर्षं तिने ती जिन्यात ऐकली होती. यंत्र चुकलं नव्हतं. पडदा बाजूला झाला.

पोटाशी हात धरून एक तिशीतली बाई दारात उभी होती.

"मी सानिका," ती म्हणाली. "यांची मुलगी. बाबा, आता लपवून काय उपयोग? त्यांनी ऐकलंय."

वृषालीने तिला लग्नाच्या आधी दोन-तीनदा पाहिलं होतं. ती उठली, आधी सानिकाला खुर्चीवर बसवलं आणि मग स्वतः बसली.

सानिकाने सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. तिचा नवरा तन्मय सरंजामे चाहूल केंद्रात, पावलं ओळखणाऱ्या कक्षात अधिकारी होता. "तो हात उचलत नाही, काकू. आवाजही चढवत नाही. फक्त विचारतो. दुपारी स्वयंपाकघरातून गॅलरीत नऊ वेळा का गेलीस? लिफ्ट असताना जिन्याने का उतरलीस? मैत्रिणीकडे गेले तर पंधरा मिनिटांत तिच्या दारात उभा. म्हणे, काळजी वाटते. मग बाहेर जाणं बंद झालं, मग फोन. आईबाबांशी दोन वर्षं बोलू दिलं नाही. मी तक्रार केली होती. ती ज्याच्याकडे गेली तो ह्याच्याच शेजारच्या टेबलावर बसतो."

फेब्रुवारीत, दिवस गेल्याचं कळल्यावर, ती एका टॅक्सीने वडिलांच्या इमारतीखाली आली. आई गेल्याचं तिला माहीत नव्हतं. काकांनी आईची चाकांची खुर्ची खाली नेली आणि तिला जमिनीवर पाऊल टेकू न देता वर आणलं.

"आणि घरात आल्यावर?" वृषालीने विचारलं.

"घरात आल्यावर तिने आईच्या सपाता घातल्या," धनावडेकाका म्हणाले. "मुद्दाम नाही. रडत होती, समोर होत्या त्या घातल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या चाहूलच्या पाटीवर बघतो तर नव्या पावलांचे आकडे. नाव सुरेखाचं. लहानपणापासून ही अगदी आईसारखी चालते. मला तेव्हा सुचलं, की नाव काढायचं नाही."

"सात महिने मी दाराबाहेर गेले नाही," सानिका म्हणाली. "बाहेर चार पावलं टाकली तरी त्याच्या टेबलावर माझं नाव उमटेल. हरवलेल्या माणसांच्या यादीत त्याने मला टाकलंय."

"त्याला आई गेल्याचं ठाऊक नाही?"

"कोण सांगणार? त्याच्या पडद्यावर इथे आई आणि बाबा, दोघांचीच पावलं, म्हणून तो इकडे आलाच नाही."

वृषालीने लंगोट पुन्हा घडी करून कागदात गुंडाळले, बॅगेत तळाशी ठेवले, काट्यावर वजन केलं. यादीवर बरोबरची खूण केली. दारातून निघताना तिने काकांना एवढंच विचारलं, "त्या चाकांच्या खुर्चीची घडी होते का?"

त्या दिवसापासून तिला स्वतःचं पाऊल ऐकू येऊ लागलं. जिन्यात, भाजीच्या रस्त्यावर, मोरीपर्यंत जातानाही. हेमंतने चहाचा कप पुढे केला की तिला वाटे, हा आधीपासून उकळत होता. त्याला काही सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगितलं असतं तर तो तिच्या काळजीने रोज तीनशे चारकडे जाणारी तिची पावलं बघत बसला असता.

पाऊस थांबून चार दिवस झाले होते. सोळा सप्टेंबर, स्वच्छ ऊन, वाळत घातलेले कपडे कडक झालेले. प्रशिक्षणातल्या मुलीने सांगितलं होतं की पाणी टेकडीत उशिरा काम करतं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या भिंतींवरच्या पाट्या एकदम लाल झाल्या. भोंगा नव्हता. एक बाई शांत आवाजात सांगत होती: चाळीस मिनिटांत इमारत रिकामी करा, बॅग घ्या, लिफ्ट वापरू नका.

लोक निघाले. विचित्र शांतता होती. एवढ्या लखलखीत उन्हात पळून जायचं म्हणजे कोणाला खरंच वाटेना. कोणी टेकडीकडे बघत होतं, तर तिथे गवतावर फुलपाखरं होती. वृषालीने वरच्या मजल्यापासून दारं ठोठावत खाली यायला सुरुवात केली. तीनशे चारचं दार उघडंच होतं.

"काका, तुम्ही पुढे व्हा. खुर्ची घ्या आणि फाटकाच्या आत, पायरीला लावून ठेवा. तुमचा तो डेपोतला ड्रायव्हर मित्र?"

"टेम्पो घेऊन वळणावर थांबलाय. मघाशी फोन केला." काकांनी एका खांद्याला सुरेखा लिहिलेली बॅग लावली, दुसऱ्या हातात घडी केलेली खुर्ची घेतली. स्वतःची बॅग त्यांनी बाकावरच सोडली.

वृषाली सानिकाकडे वळली. "चपला काढ. मीही काढते. माझ्या कमरेला घट्ट धर. मी डावा म्हणाले की दोघींचा डावा. तुझं पाऊल माझ्या पावलाबरोबर पडलं पाहिजे, आधी नाही, नंतर नाही."

"नाही जमलं तर?"

"हळू उतरू."

त्या निघाल्या. डावा. उजवा. तीन मजल्यांच्या चोपन्न पायऱ्या. सानिकाचं उजवं पाऊल सवयीने मागे ओढायचं, आणि वृषालीला प्रत्येक वेळी स्वतःचं पाऊल तेवढंच अडवून धरावं लागे. पहिल्या मजल्यापर्यंत येताना तिच्या लक्षात आलं की ती आता सुरेखाकाकूंसारखी चालते आहे. एका जिवात तीन बायका आणि एक न जन्मलेलं बाळ घेऊन ती जिना उतरत होती. मागून कोणीतरी "जरा वाट द्या" म्हणालं. त्या भिंतीशी थांबल्या, माणूस गेला, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. सानिकाच्या श्वासाची धाप तिच्या मानेवर येत होती.

शेवटच्या पायरीवरून सानिका थेट खुर्चीत बसली. काकांनी खुर्ची ढकलली. फाटक, रस्ता, वळण. चाकांचा आवाज चाहूलच्या लेखी कोणाचाच नव्हता. काका आणि सानिकाला घेऊन टेम्पो गेला.

वृषालीने टॅब बघितला. सगळ्या घरांपुढे शून्य लागलं होतं. एका घरापुढे एक होतं.

तीनशे चार. सुरेखा धनावडे. आत.

बचाव पथकाचे दोन जवान स्ट्रेचर घेऊन आधीच जिन्याच्या तोंडाशी पोचले होते. चौदा मिनिटं उरली होती. वृषाली धावत जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली. "वर कोणी नाही. मी स्वतः पाहिलंय."

"बाई, यादीत आहे," त्यांतला मोठा म्हणाला. "केंद्राने नाव काढलं तरच परत फिरता येतं. बाजूला व्हा."

"मग केंद्राशी बोलू द्या. एक मिनिट."

त्याने नाइलाजाने छातीवरचं यंत्र काढून तिच्या हातात दिलं. पलीकडून मऊ, सभ्य आवाज आला. "विश्लेषण कक्ष. तन्मय सरंजामे बोलतोय."

वृषालीने यंत्र तोंडाजवळ धरलं. "मी निसर्गदीप बी विंगची दक्षक. तीनशे चारमध्ये कोणी नाही. सुरेखा धनावडे हयात नाहीत. डिसेंबरमध्ये वारल्या."

"वारल्या," तो आवाज म्हणाला. "माझ्यासमोर त्यांची आज सकाळची पावलं आहेत, मॅडम. सातशे वीस. त्यांचं वजन वाढत होतं."

"बिघाड आहे. मला जूनपासून माहीत होता. मी कळवला नाही, चूक माझी. माणसांना वर पाठवू नका."

"मग फेब्रुवारीपासून त्या घरात कोण चालत होतं?"

मोठा जवान पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभा होता. धाकटा टेकडीकडे बघत होता. वृषाली म्हणाली, "तुम्ही आत्ता नाव काढा. मग मला काय विचारायचं ते विचारा. ही दोन माणसं वर गेली आणि परत आली नाहीत, तर तुमचाही आवाज नोंदला जातोय."

टॅबवरचा आकडा पालटला. शून्य. जवान मागे फिरले, आणि तिला दंडाला धरून घेऊन पळाले.

सात मिनिटांनी करवंटेकडी खाली आली. आधी आवाज झालाच नाही. उतारावरची झाडं उभीच्या उभी पुढे चालू लागली, एखादी रांग निघावी तशी, आणि मग खालची जमीन दिसेनाशी झाली. बी विंगच्या मागच्या भिंतीला चिखल तिसऱ्या मजल्यापर्यंत टेकला. तीनशे चारच्या गॅलरीतून दगड आत शिरले आणि जिन्यातून बाहेर पडले. माणूस एकही गेला नाही. टेकडीतली केबल तुटली, आणि त्या भागात तीन दिवस चाहूलला काही ऐकू आलं नाही.

लोकांची सोय जवळच्या एका शाळेत झाली. तिसऱ्या दिवशी वृषालीचं दक्षकपद गेलं. बिघाड लपवून बचाव पथकाचा जीव धोक्यात घातला, असा शेरा होता, आणि तो खोटाही नव्हता. सोसायटीतले काही लोक तिच्याशी बोलेनासे झाले. हेमंत वर्गाच्या बाकावर तिच्या शेजारी बसून होता.

"जिन्यात तू एकशे बत्तीस किलोंची दिसत होतीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या अंगावर काहीतरी पडलंय. मी फाटकाकडे यायला निघालो होतो, जवानांनी सोडलं नाही. तू मला का नाही सांगितलंस?"

"तू ती जोडणी बंद कर, हेमंत. मग सांगते."

त्याचा चेहरा उतरला. "मी कधी तुला काही बोललो का?"

"नाही बोललास. तरी बंद कर."

त्याने फोन काढला, थोडा वेळ बघितला, आणि केली बंद. मग तिने सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "मी चहा तरी केव्हा टाकू?" आणि तिला त्याची फार माया आली. पण पुन्हा सुरू कर असं ती म्हणाली नाही.

आठवड्याने, एका दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात एक पस्तिशीचा माणूस तिला भेटायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. त्याने नमस्कार केला, नाव सांगितलं. तिला नाव सांगायची गरज नव्हती, आवाज तोच होता.

"चौकशीसाठी नाही आलो," तन्मय म्हणाला. "चौकशी संपली. मी त्यांचा जावई. सासूबाई गेल्याचं मला तुमच्याकडूनच कळलं."

"वाईट झालं."

"धनावडे कुठे आहेत?"

"गावी गेले म्हणतात. पत्ता नाही माझ्याकडे."

त्याने मान हलवली. तो घाईत नव्हता. "त्या दिवशी जिन्यात तुमचं वजन अडुसष्ट किलो जास्त होतं, मॅडम."

"बॅगा होत्या," वृषाली म्हणाली. "लोक टाकून गेलेल्या. उचलल्या."

"अनवाणी?"

"घाईत राहून गेल्या चपला."

तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता. "मला तिची काळजी वाटते. कोणाला पटत नाही. मी चाल पुन्हा पुन्हा तपासली. पायांतलं अंतर, वजन, कमरेचा झोक. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा. ती गावागावांतून केबल चुकवत फिरेल, खुर्चीत बसेल, कडेवर बसेल. तिला जमतं ते. पण मूल वर्षाचं झालं की चालणार. त्याला कोण शिकवणार लपायला? आणि चाल आईवर जाते, मॅडम. तुम्ही तर स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मी थांबेन."

एवढं बोलून तो वळला आणि निघाला.

वृषाली जागची हलली नाही. काकांचा मित्र आठवड्यातून एकदा निरोप घेऊन येई, तो उद्या यायचा होता. एक वर्ष आहे, असा निरोप त्याच्याकडे द्यायचा. तेवढ्यात वकील बघता येईल, दुसरं राज्य बघता येईल. हे सगळं नंतर.

आत्ता ती ऐकत होती. व्हरांड्याची फरशी लांब होती आणि सकाळची शाळा सुटलेली, त्यामुळे दुसरा आवाज नव्हता. उजवी टाच आधी, जोरात. डावा पाय तिरका. वळताना एक छोटं, अर्धं पाऊल. तिने डोळे मिटून घेतले. तो जिना उतरला, पटांगण ओलांडलं, फाटकाशी क्षणभर थबकला. शेवटचं पाऊल विरेपर्यंत तिने एकही सोडलं नाही. ही चाल आता ती कुठल्याही गर्दीत, कुठल्याही जिन्यात ओळखणार होती.